फुटबॉलमध्ये मुख्य प्रशिक्षकपद मिळायलाच हवं असे सहायक प्रशिक्षक – नावं सुचवा

कॉर्नरफ्लॅग:
मँचेस्टर सिटीत ग्वार्डिओलाचा सहायक असलेला आर्टेटा डिसेंबर २०१९मध्ये आर्सेनलला गेला तेव्हा मुख्य प्रशिक्षक म्हणून अनुभव शून्य होता. स्कालोनी २०१८च्या वर्ल्डकपला अर्जेंटिनाच्या साम्पाओलीचा सहायक. साम्पाओली गेल्यावर याच्याकडे तात्पुरती सूत्रं आली आणि २०२२ला त्याने थेट वर्ल्डकप जिंकून दिला. उलट ब्रायन किड, मँचेस्टर युनायटेडमध्ये फर्ग्युसनचा उजवा हात, ब्लॅकबर्नला गेला आणि १९९९मध्ये संघ प्रीमियर लीगमधून खाली घसरला.

सध्याच्या सहायकांपैकी खरोखर तयार कोण आहे? मोठ्या माणसाच्या शेजारी बसतो एवढं कारण पुरणार नाही. त्याचं स्वतःचं काम कुठे दिसतं तेही लिहा.

डावाबॅक:
अँथनी बॅरी. डोळे झाकून.
खेळाडू म्हणून खालच्या विभागांतच राहिला, त्यामुळे नावाच्या जोरावर काही मिळालेलं नाही. चेल्सीचा तेव्हाचा प्रशिक्षक लॅम्पार्डने त्याला विगनहून तिथे आणलं. जानेवारी २०२१मध्ये लॅम्पार्डची हकालपट्टी झाली तरी त्याच्या जागी आलेल्या टुखेलने याला ठेवून घेतलं आणि त्याच हंगामात चॅम्पियन्स लीग जिंकली. पुढे टुखेलने त्याला बायर्नला नेलं, आता इंग्लंडच्या संघातही तोच सोबत आहे. मधल्या काळात पोर्तुगालचा प्रशिक्षक मार्टिनेझसोबत काम केलं. नवा साहेब आला की आधीची माणसं निघतात, हा मात्र टिकला. प्रशिक्षकाच्या परवान्यासाठी त्याने अभ्यास केला तो थ्रो-इनचा, ज्याकडे तेव्हा फारसं कोणी बघत नव्हतं.

रिबाउंड:
बॅरीला +१. पण स्वतःचं काम दिसणं म्हणजे काय ते कीथ अँड्र्यूजवरून कळतं. सप्टेंबर २०२४मध्ये ब्रेंटफर्डने मँचेस्टर सिटी, टॉटनहॅम आणि वेस्ट हॅम अशा लागोपाठ तीन लीग सामन्यांत पहिल्याच मिनिटात गोल केला. सिटीविरुद्ध तर २२व्या सेकंदाला! किकऑफसुद्धा सेट-पीससारखा (कॉर्नर, फ्री-किकवरच्या आखीव चालीसारखा) बसवून घेतला होता आणि तेव्हा अँड्र्यूज तिथला सेट-पीस प्रशिक्षक होता. २०२५च्या जूनमध्ये क्लबने त्यालाच मुख्य प्रशिक्षक केलं. त्याच्या आधीचा थॉमस फ्रँकही तिथेच डीन स्मिथचा सहायक होता, २०१८मध्ये वर आला आणि २०२१ला संघाला प्रीमियर लीगमध्ये घेऊन गेला. क्लब आपली माणसं रोज सरावात बघत असेल तर बाहेर शोधायची गरजच काय?

मधलीफळी:
माझ्याकडून नाव पाब्लो आयमार, अर्जेंटिनात स्कालोनीचा सहायक. २०२२च्या वर्ल्डकपमध्ये मेक्सिकोविरुद्ध मेस्सीचा गोल झाला तेव्हा बेंचवर याला रडू आवरेना. ते दृश्य सगळ्यांच्या लक्षात आहे, पण २०१९ची दक्षिण अमेरिकन १७ वर्षांखालील स्पर्धा अर्जेंटिनाने जिंकली तेव्हा मुख्य प्रशिक्षक तोच होता, हे कोणी बोलत नाही. कोवळ्या मुलांकडून खेळ काढून घेणं आणि वर्ल्डकपचं दडपण, दोन्ही त्याने पाहिलंय.

नंबरसहा:
सगळं मान्य, तरी लाइंडर्सचं उदाहरण विसरू नका. लिव्हरपूलमध्ये क्लॉपसोबत सरावाची बरीचशी आखणी त्याच्याकडे असायची. स्वतःच्या जबाबदारीवर मात्र २०१८ला नेदरलँड्सच्या नायमेखेन क्लबला वरच्या श्रेणीत बढती मिळवून देता आली नाही आणि ऑस्ट्रियाच्या साल्झबर्गने डिसेंबर २०२४मध्ये अर्ध्या हंगामातच काढलं. कामच वेगळं आहे हो. संघातून वगळलेला खेळाडू मन मोकळं करायला सहायकाकडे जातो. वगळणारा आपणच असलो की तो आपल्याकडे येत नाही. म्हणून मी आधी एकच बघतो: लहान का होईना, एखादा संघ त्याने एकट्याने चालवलाय का? त्या हिशेबाने आयमार बॅरीच्या पुढे आहे.

रिबाउंड:
रेने मारिच राहिला! इंटरनेटवर डावपेचांचं विश्लेषण लिहिता लिहिता प्रशिक्षक मार्को रोझेच्या हाताखाली साल्झबर्गला पोचला, २०१७ला तिथल्या १९ वर्षांखालील संघासोबत युरोपची यूथ लीग जिंकली, आता बायर्नमध्ये कोंपनीसोबत आहे. जन्म १९९२चा.

कॉर्नरफ्लॅग:
मारिचचं नाव डोक्यातच नव्हतं, आभार. नंबरसहा, तुमचा मुद्दा पटला, पण मग बॅरीने काय करावं? त्याला संधीच मिळाली नाही तर एकट्याने चालवून दाखवणार कुठे?

डावाबॅक:
म्हणूनच मोठ्या क्लबची वाट बघू नये. मॅकेना मँचेस्टर युनायटेड सोडून २०२१ला तिसऱ्या श्रेणीतल्या इप्सविचला गेला आणि सलग दोन बढत्या मिळवून २०२४ला प्रीमियर लीगमध्ये आला. बॅरीला अशाच एखाद्या क्लबने आत्ताच विचारावं, आणि दोन हंगाम त्याला काढू नये.