घरची भाषा 'मराठी' लिहिली, तर जादा पैसा जातो कुठे?

प्रश्न (फ्रिमाँट, कॅलिफोर्निया):
लेकीला किंडरगार्टनला घालताना घरच्या भाषेच्या रकान्यात मी 'मराठी' लिहिलं. खरंच आहे ते, घरात आजी आहे, 'पाणी दे गं'पासून सगळं मराठीतच चालतं. मग चाचणी झाली नि ती 'इंग्लिश लर्नर', म्हणजे अजून इंग्रजी शिकणारी, ठरली. नवरा म्हणतो, फॉर्म बदल. मला वेगळीच रुखरुख आहे. अशा मुलांमागे जादा निधी मिळतो ना? मग तिच्या वर्गात तो दिसत का नाही?

उत्तर १:
पैसे शाळेच्या नाही, स्कूल डिस्ट्रिक्टच्या, म्हणजे भागातल्या शाळा चालवणाऱ्या संस्थेच्या हाती येतात. कॅलिफोर्नियाच्या २०१३च्या शाळा-निधी सूत्रानुसार अशा प्रत्येक मुलामागे मूळ अनुदानाच्या २० टक्के जास्त. कमी उत्पन्नाच्या घरातलं आणि फॉस्टर केअरमधलं (सरकारी व्यवस्थेतून दुसऱ्या घरी सांभाळलं जाणारं) मूलही यात येतं, पण एकाहून जास्त गटांत बसलं तरी मोजणी एकदाच. खर्चाचा आराखडा १ जुलैपर्यंत मंजूर होतो, आधी जाहीर सुनावणी असते. तिथे जा.

उत्तर २:
चाचणीनंतर नुसता फॉर्म बदलून शिक्का जात नाही. आणि लाज कसली? १९७४ साली सॅन फ्रान्सिस्कोतल्या इंग्रजी न येणाऱ्या चिनी मुलांसाठी पालक सर्वोच्च न्यायालयापर्यंत भांडले, म्हणून ही मदत हक्काची झाली. अशी २१ मुलं असली की शाळेत पालकांची समिती लागते. आमच्या समितीत पहिल्या बैठकीला चौघंच होतो. मी एवढंच विचारलं, "या पैशातून माझ्या मुलाला आठवड्यात किती मिनिटं मिळतात?" महिन्याभरात वेळापत्रक हातात आलं.

मूळ प्रश्नकर्ती:
फॉर्म तसाच ठेवते. मिनिटांचा प्रश्न उद्याच विचारते.