मदत हवी आहे : पिस्तूल जवळ बाळगताना चेंबरमध्ये गोळी ठेवावी का? (टेक्सस, घरात लहान मूल)

अमेरिकेत राहणाऱ्या आणि रोज कमरेला पिस्तूल लावून बाहेर पडणाऱ्यांकडून सल्ला हवा आहे. मुळात बंदूक हवीच कशाला, हा प्रश्न रास्त आहे आणि आमच्या घरात त्यावर महिनोन् महिने बोलणं झालंय. निर्णय झालेला आहे, तेव्हा या धाग्यावर तो वाद नको अशी विनंती.

मी ह्यूस्टनच्या एका उपनगरात राहते, फार्मसिस्ट आहे. दुकान छोटं, खाजगी. रात्री कुलूप लावायचं काम बहुतेक वेळा माझ्याकडे असतं. ऑक्सिकोडोनसारख्या (नशेसाठीही वापरल्या जाणाऱ्या वेदनाशामक) गोळ्यांसाठी औषधांची दुकानं लुटली जातात हे इथल्यांना सांगायला नको. मागच्या दारापासून गाडीपर्यंतचा तो अंधारा पट्टा, माझी भीती तेवढ्यापुरती आहे. मालकांची परवानगी आहे. ग्रीन कार्ड आल्यावरच हे सगळं सुरू केलं. (एच-१बीवाल्यांनी इकडे लक्ष द्या. शिकारीच्या परवान्यासारखे मोजके अपवाद सोडले तर त्या व्हिसावर बंदूक बाळगणं हा फेडरल गुन्हा आहे.) टेक्ससमध्ये १ सप्टेंबर २०२१ पासून बहुतेकांना परवान्याशिवायही पिस्तूल बाळगता येतं, तरी मी परवाना काढला. शाळेपासून १००० फुटांच्या आत बंदूक आणायला फेडरल कायद्याने बंदी आहे, राज्याचा परवाना असेल तर त्यातून सूट मिळते, आणि आमच्या घरातून कुठेही जायचं तर शाळेवरूनच जावं लागतं.

आता मुद्द्याचं. पिस्तूल ग्लॉक ४३एक्स आहे. अंगठ्याने लावायची सेफ्टी त्याला नाही. तिन्ही सेफ्ट्या यंत्रातच आहेत : ट्रिगरमधली छोटी पट्टी, फायरिंग पिन (काडतुसावर आपटून गोळी उडवणारी सुई) अडवून धरणारी, आणि पडल्यावर गोळी सुटू नये म्हणून असलेली. ते हातातून पडलं तर सुटू नये अशी सोय आहे. पण ट्रिगर पूर्ण दाबला गेला, मग तो बोटाने असो नाहीतर जॅकेटच्या दोरीने, तर सुटणारच. म्हणून सध्या मी मॅगझिन (मुठीतली काडतुसांची पेटी) भरलेलं आणि चेंबर (नळीच्या मागची, झाडायची गोळी बसते ती जागा) रिकामं ठेवते. वेळ आलीच तर पिस्तूल काढायचं, स्लाइड (वरचा सरकता भाग) ओढून गोळी चेंबरमध्ये चढवायची, मग नेम धरायचा.

क्लासमधले प्रशिक्षक याच्या पूर्ण विरोधात आहेत. इस्रायलमध्ये असं रिकाम्या चेंबरने शिकवत आले आहेत हे त्यांना मान्य आहे, पण तिथे त्यामागे कसून घेतलेला सराव असतो, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी सॉल्ट लेक सिटीच्या पोलिस दलातल्या डेनिस ट्यूलर यांचा १९८३चा लेख समजावून सांगितला. चाकू घेतलेला माणूस २१ फूट अंतर साधारण दीड सेकंदात कापतो, आणि तेवढाच वेळ सराव असलेल्या माणसाला पिस्तूल काढून गोळी झाडायला लागतो. आमचा मागचा दरवाजा ते गाडी यात तेवढीही जागा नाही.

मला वेळेपेक्षा जास्त काळजी हातांची वाटते. रेंजवर त्यांनी माझ्या डाव्या हातात दुकानाची पिशवी आणि किल्ल्या दिल्या आणि मग काढायला सांगितलं. पिशवी टाकायला हवी हे कळत होतं, पण बोटं ती सोडेचनात. शेवटी टाकली, घाईत स्लाइड अर्धीच ओढली, आणि वरची गोळी तिरकी होऊन तोंडाशी अडकली. समोर कागदाचं टार्गेट होतं, तरी तळहाताला घाम सुटला. तिथे पिशवीच्या जागी माझी मुलगी कडेवर असेल तर? तिला मी टाकणार नाही, आणि एका हाताने स्लाइड ओढणं मला जमत नाही.

एवढं पटत असूनही गोळी चढवायला मन का धजत नाही, ते सांगते. मुलगी चार वर्षांची आहे. मी घरी आले की धावत येऊन कमरेला मिठी मारते, तिचा गाल नेमका होल्स्टरवर (पिस्तुलाच्या म्यानावर) टेकतो. होल्स्टर कायडेक्स नावाच्या कडक प्लॅस्टिकचं आहे, ट्रिगर पूर्ण झाकलेला असतो, बाहेरून दाबला जाणार नाही हे मला ठाऊक आहे. तरीही.

डिसेंबर २०१४ मध्ये आयडाहोतल्या हेडन इथे वॉलमार्टमध्ये दोन वर्षांच्या मुलाने आईच्या पर्समधलं पिस्तूल ओढलं आणि आई जागीच गेली. ती बातमी वाचल्यापासून पर्समध्ये ठेवायचा विचार मी कायमचा सोडला. अमेरिकन फुटबॉल खेळणारा प्लॅक्सिको बरेस २००८ मध्ये न्यूयॉर्कच्या क्लबात ट्रॅक पँटमध्ये नुसतं खोचलेलं ग्लॉक घसरायला लागलं म्हणून पकडायला गेला आणि गोळी त्याच्याच मांडीत घुसली. नाशिकहून आईचा फोन आला की गोविंदाचा विषय निघतोच : ऑक्टोबर २०२४, पहाटे विमानतळावर निघायच्या आधी परवान्याचं रिव्हॉल्व्हर हातातून पडलं आणि गोळी पायात. तिला सांगते की ते रिव्हॉल्व्हर होतं, हे वेगळं आहे. पण तिला जे खुपतं ते बरोबरच आहे. या तिन्ही घटनांत समोर कुणी हल्लेखोर नव्हता.

आणि खरा गोंधळ रोजच्या काढघालीचा आहे. दर रविवारी मुलीला मराठी शाळेत सोडते. ती एका शाळेच्याच इमारतीत भरते, तिथे आत पिस्तूल नेता येत नाही. पोस्टात नाही, त्यांच्या पार्किंगमध्येसुद्धा नाही. ज्या दुकानावर ३०.०६ची पाटी (परवाना असला तरी लपवलेलं पिस्तूल आत आणू नका, असं सांगणारी) आहे तिथे नाही. प्रत्येक वेळी गाडीत वाकून, स्टिअरिंग पोटाला टेकलेलं असताना, पिस्तूल काढून लॉकबॉक्समध्ये ठेवायचं आणि परत लावायचं. होल्स्टरमध्ये परत घालताना कुर्त्याचं टोक आत गेलं तर? रात्री घरी आल्यावर मी मॅगझिन काढून ठेवते, सकाळी परत घालते. चेंबर भरलेलं ठेवायचं ठरवलं तर यात रोज गोळी काढणं आणि चढवणं याचीही भर पडेल.

जे गोळी चढवून बाळगतात आणि ज्यांच्या घरी लहान मुलं आहेत, ते रोज नेमकं काय करतात, हे पायरीपायरीने सांगाल का? आणि अंगठ्याची सेफ्टी असलेलं पिस्तूल घेणं हा मधला मार्ग खरोखर उपयोगाचा आहे, की त्याने नुसतंच समाधान मिळतं?

प्रतिसाद

ताई, मी डॅलसजवळ राहतो, बरीच वर्षं चेंबर भरूनच बाळगतो. तुमच्या प्रश्नाचं उत्तर तुमच्याच शेवटच्या परिच्छेदात आहे. होल्स्टरमध्ये बसलेलं पिस्तूल धोक्याचं नाही, हाताळलं जाणारं पिस्तूल धोक्याचं आहे. तेव्हा हाताळणीच कमी करा. क्लिपवालं होल्स्टर घ्या आणि गाडीत पिस्तूल होल्स्टरसकट कमरेवरून काढा, तसंच लॉकबॉक्समध्ये ठेवा, तसंच परत लावा. ट्रिगर दिवसभरात एकदाही उघडा पडत नाही. घरी आल्यावरही तसंच, होल्स्टरसकट बोटांच्या ठशांनी उघडणाऱ्या तिजोरीत. रोज अनलोड करायची गरजच उरत नाही.

रोज अनलोड करण्यात आणखी एक खोट आहे. तीच गोळी पुन्हा पुन्हा चेंबरमध्ये चढवली की दर वेळी तिचं टोक रॅम्पवर (चेंबरच्या तोंडाशी असलेल्या उतारावर) आपटतं आणि बुलेट हळूहळू काडतुसात मागे ढकलली जाते. आतली जागा कमी होते, दाब वाढतो. डब्यातल्या नव्या काडतुसाशेजारी उभी धरून पाहा, आखूड दिसली तर ती वापरू नका.

आणि भीती घालवायचा एक साधा उपाय. चेंबर रिकामं, पण मॅगझिन बाहेर असताना स्लाइड एकदा ओढून स्ट्रायकर (म्हणजे तीच फायरिंग पिन) ताणलेला, असं पिस्तूल होल्स्टरमध्ये घालून काही आठवडे नेहमीसारखी कामं करा. मुलीला उचला, वाका, गाडी चालवा. रात्री पाहा. ग्लॉकचा ट्रिगर पुढेच असेल तर दिवसभरात तो दाबला गेला नाही. मागे गेलेला दिसला तर होल्स्टर बदला, आणि त्या दिवशी गोळी नव्हती म्हणून देवाचे आभार माना.

प्रतिसाद

मी थोडी वेगळ्या मताची आहे. पहिल्या प्रतिसादातलं सगळं बरोबर, पण सराव किती होतो त्यावर ठरवा. महिन्यातून एकदाही रेंजवर जाणं होत नसेल तर रिकामं चेंबरच बरं. ज्या क्षणाची भीती आहे तो कदाचित आयुष्यात येणारही नाही, पिस्तूल मात्र रोज घरात येणार आहे.

सेफ्टीबद्दल विचारलंत. माझ्याकडे स्मिथ अँड वेसनचं शील्ड आहे, अंगठ्याच्या सेफ्टीचं. परत होल्स्टरमध्ये घालताना ती लावलेली असते, आणि ट्रिगरमध्ये कापड अडकायची सगळ्यात जास्त शक्यता तेव्हाच असते. त्या एका गोष्टीसाठी मला ती हवी आहे. पण काढताना अंगठा आपोआप ती खाली करेल इतका सराव लागतो. मी घरी रिकाम्या पिस्तुलावर, खोलीत एकही काडतूस न ठेवता, रोज रात्री करते. स्लाइड ओढायला जड जात असेल तर त्यांचंच ईझी मॉडेल हातात धरून बघा, माझ्या सासूबाईंना संधिवातातही ते ओढता येतं.

प्रतिसाद

पुण्याहून लिहितोय, शेतीसाठीचा परवाना वडिलांपासून घरात आहे. जुन्या रिव्हॉल्व्हरमध्ये सहा घरांत पाचच काडतुसं घालायची आणि घोडा रिकाम्या घरावर ठेवायचा, ही शिस्त होती. घोड्यावर आपटलं तर सुटू नये म्हणून. अमेरिकेत रुगर कंपनीने १९७३ मध्ये घोडा हाताने ओढायच्या आपल्या रिव्हॉल्व्हरांत ट्रान्सफर बार (ट्रिगर दाबल्याशिवाय घोड्याचा मार पिनपर्यंत पोहोचू न देणारी पट्टी) आणला, तोवर तिकडेही अशा रिव्हॉल्व्हरांत हेच चालायचं. म्हणजे रिकामं ठेवणारे सगळे भित्रे असतात असं कुणी म्हणत असेल तर ऐकू नका. त्या काळच्या यंत्राला तेच योग्य होतं. तुमचं यंत्र कोणतं, त्यावरून ठरवा.

प्रतिसाद

कायद्याचा एक मुद्दा राहिलाय. टेक्ससच्या दंडसंहितेत कलम ४६.१३ आहे. भरलेली बंदूक निष्काळजीपणे ठेवली आणि ती १७ वर्षांखालच्या मुलाच्या हाती लागली तर तो गुन्हा आहे, आणि तिथे "भरलेली" याची व्याख्या करताना चेंबरमध्ये गोळी असो वा नसो, असं स्पष्ट लिहिलंय. तेव्हा रिकाम्या चेंबरचं पिस्तूल कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवणं म्हणजे सुरक्षित ठेवणं, असं कायदाही मानत नाही. चार वर्षांच्या मुलीला स्लाइड ओढता येणार नाही हे आज खरं आहे. आठ वर्षांची झाली की काय? तिजोरी आधी, चेंबरचा विचार नंतर.

मूळ लेखिका

सगळ्यांचे मनापासून आभार. कायद्याचा मुद्दा मला माहीत नव्हता. तिजोरी आजच मागवली, शनिवारी नवरा ती पलंगाच्या बाजूला भिंतीत बोल्टने बसवेल. तोवर पिस्तूल गाडीच्या लॉकबॉक्समध्ये.

होल्स्टरसकट काढायची कल्पना इतकी सोपी आहे की क्लासमध्ये कुणी का सांगितली नाही याचं नवल वाटतं. कालच गाडीत करून पाहिलं. ट्रिगर कुठेच दिसत नाही, आणि मनावरचा बराच भार उतरला.

ठरवलंय ते असं. स्ट्रायकर ताणून, चेंबर रिकामं ठेवून वापरून बघायचं, तेही दुकानात आणि घरी दोन्हीकडे, मुलीच्या मिठ्यांसकट. ट्रिगर जागचा हलला नाही तर रात्री कुलूप लावायच्या दिवसांपुरती गोळी चढवीन. दर खेपेला तीच गोळी वापरणार नाही. रविवारी मराठी शाळेच्या दिवशी पिस्तूल घरीच, नव्या तिजोरीत. तिथे मला त्याची गरज नाही.

आता एक अडचण उरली, ती बायकांनीच सोडवावी. दिवाळीच्या आठवड्यात दुकानातून थेट कार्यक्रमाला जायचं असतं, अंगात सलवार-कमीज. पट्टा नाही, क्लिप लावायला काहीच नाही. पोटपट्टीवाली होल्स्टर्स पाहिली, पण बहुतेक नुसतीच इलॅस्टिकची आहेत, ट्रिगरवर कडक कवच नाही. आत कायडेक्सचं कवच असलेली आणि नाडीच्या पायजम्यावरही जागची न हलणारी पोटपट्टी कुणी वापरली आहे का? कोणत्या मापाची घेतली आणि गाडीत बसल्यावर टोचते का, तेवढं सांगा.