संभाषणाच्या तासात शिकलेले शब्द बोलताना सुचतच नाहीत. काय बदलू?

निळीशाई:
नमस्कार मंडळी. गेले काही महिने एका शिक्षिकेकडे ऑनलाइन इंग्रजी संभाषणाचे तास घेतेय. बाई खूप धीर देतात, माझी भीड बरीच चेपली आहे. पण गप्पांच्या ओघात त्या एखादा छान शब्द चॅटमध्ये टाकतात, मी वहीत उतरवते, आणि पुढच्या तासाला तोंड उघडलं की नेमका तोच गायब. वाचताना मात्र सगळे ओळखीचे वाटतात. उच्चारांचंही तेच. कामासाठी मला रोज परदेशातल्या लोकांशी बोलावं लागतं, म्हणून हे मनापासून सुधारायचंय. बाईंना तास कसा घ्यायला सांगू?

पायवाट:
मी स्वतः असे तास घेतो, म्हणून शिकवणाऱ्याच्या बाजूने सांगतो. दर वेळी नवा विषय नको, असं बाईंना स्पष्ट सांगा. ४-३-२ नावाची पद्धत आहे: एकच गोष्ट आधी ४ मिनिटांत सांगायची, मग ३, मग २. पहिल्या फेरीत काय बोलायचं हे जुळवण्यातच दम निघतो. तिसऱ्या फेरीला ते पक्कं झालेलं असतं, त्यामुळे नवा शब्द वापरायला डोकं मोकळं राहतं. शब्द ओळखता येणं वेगळं आणि ऐन वेळी तो तोंडातून निघणं वेगळं; दुसऱ्याचा सराव वहीने होत नाही.

वहीत सुटा शब्दही लिहू नका. नुसतं 'अटेन्शन' लिहिलंत तर 'लक्ष देणे'वरून पुढे 'गिव्ह' येणारच. 'पे अटेन्शन' असं अख्खं तोंडी बसलं की प्रश्न मिटला. 'डिस्कस'ला 'अबाउट' लागत नाही, हेही असंच वाक्यासकट लिहा.

आणि बाईंनी तुमचं वाक्य सुधारून म्हटलं की त्यांना थांबवा, ते पूर्ण वाक्य स्वतः म्हणा, मग पुढे जा. गप्पांची लय तुटते, तुटू दे. विद्यार्थी असा अडवतो तेव्हा शिकवायला खरा हुरूप येतो.

चांदणवेल:
+१. उच्चारात आधी आघात धरा, सुटे ध्वनी नंतर. मराठीत आपण सगळी अक्षरं जवळपास सारख्या जोराने म्हणतो. इंग्रजीत एकावर जोर येतो आणि बाकीची आक्रसतात. 'फोटोग्राफ'मध्ये जोर 'फो'वर, 'फोटोग्राफर'मध्ये 'टो'वर, 'फोटोग्राफिक'मध्ये 'ग्रा'वर. 'रेकॉर्ड' नाम असेल तर जोर पहिल्या अवयवावर (म्हणजे शब्दाच्या एका दमात उच्चारल्या जाणाऱ्या तुकड्यावर), क्रियापद असेल तर दुसऱ्यावर. शब्दकोशातल्या उच्चारात वरच्या बाजूला बारीक उभी रेघ दिसते ना, जोर तिच्या लगेच पुढच्या अवयवावर द्यायचा.

निळीशाई:
खूप आभार! ४-३-२ पुढच्याच तासाला करून बघते. अजून एक: बाईंना माझं 'व्हेस्ट' आणि 'वेस्ट' एकच ऐकू येतं. लिहिताना तर आपण फरक करतो!

चांदणवेल:
लिहितो खरा, पण 'व्ह'मधला 'ह' इंग्रजीत नाही, आणि आपला 'व' या दोन्ही इंग्रजी ध्वनींच्या अधेमधे पडतो. 'व्हेस्ट'साठी वरचे दात खालच्या ओठाला हलके टेकवा आणि आवाज चालू ठेवून हवा तिथून घासत सोडा. ओठाला गुदगुल्या झाल्या पाहिजेत. 'वेस्ट'साठी दात ओठाला लागूच द्यायचे नाहीत: ओठांचा चंबू करा, 'ऊ' म्हणायला लागल्यासारखा, आणि तिथून थेट 'ए'वर या. आरशासमोर केलंत तर दात दिसतात की नाही ते लगेच कळतं.

पायवाट:
याची परीक्षा तासातच घ्या. दोन्हींपैकी कुठलाही एक शब्द तुम्ही म्हणायचा, कुठला ऐकला ते बाईंनी चॅटमध्ये लिहायचं. सुटे शब्द जमले की वाक्यात घालून तेच करा, कारण वाक्याच्या वेगात ओठ जुन्या सवयीवर जातात.