होमेज घड्याळांना मानवंदना म्हणावे का?

धागाकर्ता

नुकतेच एक होमेज घड्याळ घेतले. त्यावरून मित्रांत इतका वाद झाला की तो इथे मांडावासा वाटला. ज्यांना हा शब्द नवा असेल त्यांच्यासाठी सांगतो: एखाद्या प्रसिद्ध आणि महागड्या घड्याळाचे रूप जवळजवळ जसेच्या तसे घ्यायचे, पण तबकडीवर नाव मात्र स्वतःच्या कंपनीचे छापून ते स्वस्तात विकायचे, याला होमेज, म्हणजे मानवंदना, म्हणतात. रोलेक्सचे नाव आणि मुकुट छापलेले बनावट घड्याळ ही उघड फसवणूक आहे आणि तिचे समर्थन मी करत नाही. माझ्या घड्याळाने रोलेक्सच्याच सबमरीनर या घड्याळाचे रूप घेतले आहे, नाव घेतलेले नाही. आत सेइको या जपानी कंपनीचे एनएच ३५ हे स्वयंचलित यंत्र आहे. ते तासाला २१,६०० ठोके देते आणि पूर्ण चावी भरल्यावर सुमारे ४१ तास चालते. साधे, दणकट आणि कुठल्याही कारागिराला दुरुस्त करता येईल असे हे यंत्र आहे.

माझे म्हणणे असे की पाणबुड्याच्या, म्हणजे पाण्याखाली बुडी मारणाऱ्याच्या, घड्याळाचे रूप कोणा एकाच्या मालकीचे नाही. ब्लांपँ या स्विस कंपनीचे फिफ्टी फॅदम्स १९५३ साली आले आणि सबमरीनर १९५४ मध्ये बाझेलच्या प्रदर्शनात लोकांपुढे आले. काळी तबकडी, ठळक चकाकत्या खुणा आणि फिरणारी कडा दोन्हींत होतीच. पुढे अशा घड्याळांसाठीच्या आयएसओ ६४२५ या आंतरराष्ट्रीय मानकाने अंधारात २५ सेंटीमीटरवरून वेळ वाचता आली पाहिजे अशी अट घातली. काम एकच आणि अटीही त्याच असतील, तर घड्याळे सख्ख्या भावंडांसारखी दिसणारच.

प्रतिसाद १

आपला मुद्दा नीटनेटका आहे, पण तो चुकीच्या गोष्टीचे समर्थन करतो. काळी तबकडी आणि फिरणारी कडा सर्वांची आहे, हे मान्य. मात्र सेइकोने १९६५ साली पाणबुड्यांसाठीचे आपले पहिले घड्याळ काढले आणि पुढच्या दहा वर्षांत ट्यूनाच्या डब्यासारखे दिसणारे घड्याळ काढले, तेव्हा त्यांच्यापुढेही पाणी, अंधार आणि टाकीतल्या हवेचा हिशेब हेच प्रश्न होते. तरी त्यातले एकही घड्याळ पाहून कोणाला सबमरीनर आठवत नाही. मानकाला वाचता येणारे काटे हवे असतात. सबमरीनरच्या तासकाट्यावरचे तीन पाकळ्यांत विभागलेले ते वर्तुळ मानकाने कुठे मागितले आहे? त्या वर्तुळामागे कारण आहे, कारण अंधारात तासकाटा आणि मिनिटकाटा चटकन वेगळे ओळखता यावेत आणि चकाकणारा लेप मोठ्या जागेत सुटून न पडता टिकावा, असा विचार त्यात दिसतो. पण त्याच अडचणीवर इतरांनी बाणासारखे, फावड्यासारखे, तलवारीसारखे काटे काढून स्वतःचा मार्ग शोधला. होमेजवाला उत्तर शोधत नाही, उत्तरपत्रिका उतरवून काढतो.

शब्दाबद्दलही बोलतो. मानवंदना ज्याला द्यायची त्याचे नाव घेऊन द्यावी लागते. होमेजच्या खोक्यावर किंवा पत्रकात सबमरीनरचा उल्लेख कधी वाचला आहे का? विकताना सगळा भर ओळखीच्या रूपावर आणि नाव घेताना मात्र मौन.

आणि एक बारीक प्रश्न: आपल्या घड्याळाला तारखेची खिडकी आहे का? नसेल, तर चावी पहिल्या टप्प्यावर ओढून फिरवून पाहा आणि काय होते ते इथे लिहा.

प्रतिसाद २

नैतिकतेचा काटा इतका ताणू नये. दुसऱ्या महायुद्धातली जर्मन वैमानिकांची घड्याळे लांगे, आयडब्ल्यूसी, लाको, स्टोवा आणि वेम्पे अशा पाच नावांनी एकाच सरकारी आराखड्यावर बनवली आणि आज ते रूप कितीतरी कंपन्या काढतात, तेव्हा कोणी चोरी म्हणत नाही. कायदाही डिझाइनला ठरावीक मुदतीपुरतेच संरक्षण देतो. युरोपीय संघात ही मुदत वाढवत वाढवत जास्तीत जास्त २५ वर्षे जाते. सत्तर वर्षांचे रूप अजून किती दिवस कुलपात ठेवायचे? शिवाय ट्यूडरने १९५४ पासून सबमरीनर याच नावाने स्वस्त घड्याळ विकले, आणि २०२२ मध्ये ओमेगाच्या स्पीडमास्टरचे रूप स्वॉचने प्लास्टिकसदृश साच्यात आणले. स्वस्त आवृत्ती म्हणजे अपमान, असे खुद्द मालकांनाही वाटलेले दिसत नाही.

प्रतिसाद ३

ट्यूडर आणि स्वॉच ही उदाहरणे उलट बाजूची आहेत. ट्यूडर रोलेक्सच्याच घरातले, तर ओमेगा आणि स्वॉच एकाच समूहाचे. घरातल्या धाकट्याने थोरल्याचा सदरा घालणे आणि शेजाऱ्याने तो दोरीवरून काढून नेणे यांत फरक आहे. वैमानिकी घड्याळाचे रूप मुळातच आराखड्याने ठरलेले होते, म्हणून त्यावर वादच नाही.

कायद्याचेही इतके सरळ नाही, कारण मुदत संपलेल्या डिझाइनला ओळखचिन्ह म्हणून (ट्रेडमार्कसारखे) संरक्षण मिळू शकते. न्यूयॉर्कच्या फेडरल न्यायालयाने २०१४ साली रॉयल ओक या घड्याळाच्या रूपावरील दाव्यात ते बनवणाऱ्या ऑडेमार पिगे या स्विस कंपनीच्या बाजूने कौल दिला होता.

रॉयल ओकचेच जवळून पाहा. घड्याळांचे आरेखक जेराल्ड जेंटा यांनी १९७२ साठी ते आखले, तेव्हा आठ कोनी कड्यावरचे आठ षटकोनी स्क्रू शोभेसाठी ठेवले नव्हते. ते कड्यापासून पाठीपर्यंत जाऊन सगळे अंग एकत्र आवळतात. डोके षटकोनी खाचेत बसत असल्याने ते फिरत नाही, म्हणून डोक्यांवरच्या आठही चिरा वर्तुळाच्या ओळीत राहतात. मी हाताळलेल्या एका होमेजमध्ये हे आठ स्क्रू नुसते चिकटवलेले होते आणि चिरा वाटेल त्या दिशेला तोंड करून बसल्या होत्या. रूप उचलले, पण त्या रूपाचे कारण मागेच राहिले. याच जेंटांनी १९७६ मध्ये पाटेक फिलिप या कंपनीसाठी नॉटिलस हे घड्याळ काढले. तेही पट्ट्यासकट एकसंध पोलादी, पण ते रॉयल ओक नाही. वारसा पुढे नेणे मला असे दिसते.

धागाकर्ता

पहिल्या प्रतिसादातला प्रश्न टाळत नाही. माझ्या तबकडीवर तारखेची खिडकी नाही. चावी पहिल्या टप्प्यावर ओढून फिरवली. बाहेर काहीच हलले नाही, पण बोटाला आत काहीतरी टिचकत सरकल्याचे जाणवले. एनएच ३५ ला तारखेची चकती असते आणि तबकडीला भोक न पाडता ती आत तशीच ठेवली आहे. मूळ घड्याळाच्या बिनतारखी आवृत्तीत तारखेविना बनवलेले यंत्र असते, हे मला ठाऊक होते, पण आपल्या मनगटावर मध्यरात्री कोणाला न दिसणारी तारीख बदलते हे लक्षात आले नव्हते.

घड्याळ मी परत करणार नाही. ते वेळ चोख दाखवते आणि माझ्या खिशाला हेच परवडले. फक्त विचारणाऱ्याला यापुढे ‘सबमरीनरची नक्कल आहे’ असेच सांगेन, कारण होमेज म्हटल्यावर प्रतिसाद १ मधला खोक्याचा प्रश्न पुन्हा उभा राहतो आणि त्याला माझ्याजवळ उत्तर नाही.