नाव काकूंचं वापरलं, पैसे दुसऱ्यांचे गेले. माफ कुणी करायचं?

खानापूरकर
आमच्या गल्लीतल्या काकू निवृत्त शिक्षिका, दर रविवारी चर्चमध्ये उपासनेला जाणाऱ्या. गेल्या महिन्यात त्यांचा फोटो लावून कुणीतरी फेसबुकवर दुसरं खातं काढलं आणि 'दवाखान्यात आहे, लगेच पैसे पाठव' असे निरोप ओळखीच्यांना धाडले. बचत गटातल्या दोघी आणि एक जुना विद्यार्थी यांचे मिळून १४ हजार गेले. तिसरी वाचली ती भाषेमुळे. निरोपात 'काय करत आहेस' होतं, आणि काकू जन्मात तसं बोलत नाहीत, 'काय करूलास' म्हणतात.

पैसे ज्या नंबरवर गेले तो नंबर काकूंच्याच आधारवर घेतलेला निघाला. काकूंना कन्नड बोलता येतं, पण अर्जातलं कन्नड जड जातं. म्हणून झेरॉक्स, अंगठा, ओटीपी सगळं त्यांनी चर्चच्या मंडळीतल्याच एका पोराच्या हाती दिलं होतं. सीमाभागात हे घरोघरी चालतं. त्या पोरानंच हे केलं. त्याचे वडील येऊन रडले आणि काकूंनी माफ केलं. तक्रार करायची नाही म्हणतात.

मी देव मानत नाही, पण काकूंना फार मानतो. तरी मला हे पटत नाही. काकूंचं नाव हा गल्लीचा भरवसा आहे, चाळीस वर्षांत लोकांनी मिळून उभा केलेला. तो मोडल्याची माफी त्या एकट्या कशा देणार?

कॅम्पातली ताई
दादा, तुम्ही क्षमेला पळवाट समजताय, म्हणून लिहिते. आमच्या श्रद्धेत ही चोरी तुम्ही म्हणता त्याहून जड आहे. देवानं प्रत्येकाला आपल्या प्रतिरूपात घडवलं असं आम्ही मानतो, त्यामुळे दुसऱ्याचा चेहरा खोटेपणासाठी पांघरणं म्हणजे त्या प्रतिरूपालाच हात घालणं. पण बायबलातल्या याकोबानं दुसरं काय केलं होतं? हाताला करडांची कातडी गुंडाळली, आंधळ्या बापापुढे 'मी एसाव' म्हणाला आणि भावाचा आशीर्वाद नेला. देवानं त्याला टाकलं नाही, आणि पुढे एसावच धावत येऊन त्याच्या गळ्यात पडला. पोर वीस वर्षांचं आहे. आज पोलीस ठाण्यात उभं केलंत तर ते मंडळीत परत कधी येईल?

निपाणीचा वकील
ताई, भावना कळते, पण कायदा माहीत असू द्या. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० मधलं कलम ६६ सी ओळखचोरीचं, ६६ डी तोतयेगिरी करून फसवण्याचं. दोन्हींना तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड. गुन्हा दखलपात्र आहे, पण जामीनपात्रही आहे, त्यामुळे पोराचं आयुष्य लगेच संपत नाही. मात्र बाईविरुद्धचा असा गुन्हा कोर्टालाही आपसात मिटवू देता येत नाही, त्याच कायद्यातलं ७७ ए तेच सांगतं. माझ्या मते ते योग्य आहे. घरात, भावकीत, मंडळीत दबाव बाईवरच येतो, आणि त्याला आपण तिची क्षमा म्हणतो.

धर्म बाजूला ठेवला तरी उत्तर मिळतं. काकूंची संमती एका अर्जापुरती होती, ती सिमकार्डासाठी नव्हती. २०१७ मध्ये नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा मूलभूत हक्क ठरवला. तो खटला ज्यांच्या नावानं ओळखला जातो ते पुट्टस्वामी कर्नाटक हायकोर्टाचेच निवृत्त न्यायमूर्ती. आणि फसलेल्यांनी पहिल्या तासात १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन केला असता तर रक्कम गोठवता आली असती. पलीकडे महाराष्ट्रात, चंदगड-गडहिंग्लजात पैसे काढले असते तरी नंबर तोच.

नंदगडचा
आम्ही कॅथलिक. चोरीची आज्ञा आमच्यात सातवी, ताईंच्यात आठवी, मजकूर एकच. पण ताई, याकोबाची गोष्ट तुम्ही मधूनच उचलली. भाऊ गळ्यात पडण्याआधी तो वीस वर्षं मामाच्या, लाबानाच्या घरी राबला आणि तिथं स्वतः फसला. लग्नानंतर सकाळी पाहिलं तर नवरी दुसरीच निघाली. परतताना यब्बोक नदीच्या काठी त्याला नाव विचारलं गेलं, तेव्हा कुठे तो 'याकोब' म्हणाला. बापानं विचारलं तेव्हा एसाव सांगितलं होतं. येशूला भेटलेल्या जक्कय जकातदारानंही फसवून घेतलेलं चौपट परत करतो असं कबूल केलं. फादरपुढे पापनिवेदन केलं तरी चोरलेलं परत करायचं कर्तव्य सुटत नाही. या पोराला आपलं नाव कुणी अजून विचारलंय का? रडले ते त्याचे वडील.

वकीलसाहेब, तुमच्याशीही पूर्ण सहमत नाही. कैदेनं १४ हजार परत येत नाहीत आणि त्या दोघींपुढे पोराला उभंही राहावं लागत नाही.

बचत गटातली
त्या दोघींतली एक मी. सहा हजार माझे. वाचूलोय सगळं, पण तुम्ही कुणी मला विचारला नाहीसा. पैशाचं दुःख आहेच, शेंगा विकून ठेवलेले होते. पण परवा काकूंचा खरा फोन आला आणि मी उचललाच नाही. शाळेत त्यांनीच मला लिहायला शिकवलं. त्यांचा फोन मी उचलला नाही, हे कुणाला माफ करायला सांगू?

कॅम्पातली ताई
बाई, तुमचं वाचून थांबले. पोराला क्षमा मिळावी हे अजूनही म्हणते. पण ती तुमच्या दारात मागायला हवी होती, हे माझ्या आधी लक्षात आलं नाही.

खानापूरकर
काल हा सगळा मजकूर काकूंना वाचून दाखवला. शेंगांचं ऐकल्यावर त्यांनी चष्मा काढला आणि बराच वेळ बोलल्या नाहीत. मग काकू बचत गटातल्या त्या बाईंच्या घरी जायला निघाल्या, फोन न करता, चालत. जाताना पोराच्या वडिलांना निरोप ठेवला: सोमवारी पोराला घेऊन या, तक्रारीवर मी सही करणार आहे, आणि त्याच्या जामिनालाही मीच उभी राहीन.