शब्दचर्चा: फुटबॉलमधली ‘ट्रिक’, युक्ती म्हणावी, हूल म्हणावी की लबाडी?

मिरजकर मास्तर:
शालेय स्पर्धांसाठी यंदा नवे रेफ्री तयार करतोय, बहुतेक कॉलेजची पोरं. त्यांच्यासाठी नियमांचं चार पानी टिपण मराठीत उतरवायला घेतलंय आणि बाराव्या नियमापाशी अडलोय. सहकाऱ्यानं पायानं मुद्दाम दिलेला चेंडू गोलकीपरला हातात घेता येत नाही, हा नियम १९९२ पासूनचा, सगळ्यांना ठाऊक. मग काही बचावपटू काय करतात, चेंडू बुटाच्या टोकानं उचलून स्वतःच्याच डोक्यावर घेतात आणि डोक्यानं कीपरकडे ढकलतात. पायानं दिला नाही, म्हणजे कीपर मोकळा. नियमात याला ‘ट्रिक’ म्हटलंय. कीपरनं हात लावो न लावो, ट्रिक करणाऱ्याला पिवळं कार्ड.

मी लिहिलं, ‘जाणूनबुजून केलेल्या युक्तीबद्दल पिवळं कार्ड’. आमचे पीटीचे सर वाचून म्हणाले, “युक्ती केली म्हणून कार्ड? मग आम्ही पोरांना वर्षभर शिकवतो ते काय?” त्यांचं म्हणणं रास्त आहे. पुढच्याच पानावर फ्री किकच्या ट्रिकबद्दल लिहायचंय आणि ती पूर्ण कायदेशीर. दोन्हीकडे एकच शब्द घातला तर नवखा रेफ्री हुशारीलाही कार्ड दाखवेल. तिसरी भानगड गेम्समनशिपची: नियम धड मोडायचा नाही, पण समोरच्याचं डोकं फिरवायचं. मला तीन वेगळे शब्द हवेत. सुचवा.

तासगावकर:
पहिल्याला लबाडी, दुसऱ्याला युक्ती, तिसऱ्याला बेरकीपणा. संपलं.

कृष्णाकाठ:
लबाडी फार होतं, तासगावकर दादा. लबाडीत खोटं बोलणं येतं. हा बचावपटू खोटं कुठं बोलतोय? सगळ्या मैदानादेखत डोक्यानं चेंडू देतोय. नियमाच्या अक्षरात बसून नियमाचा हेतू चुकवतोय. याला रोजच्या मराठीत शब्द आहे, पळवाट. मी वकिली करते, दिवसातून दहा वेळा कानावर पडतो. ‘नियमातून पळवाट काढल्याबद्दल पिवळं कार्ड’ असं लिहा, कॉलेजच्या पोराला एका वाचनात कळेल.

सांगलीचा खोखोवाला:
फ्री किकच्या ट्रिकला शब्द शोधायला लांब कशाला जायचं? हूल. आम्ही खो-खोत लहानपणापासून हा एकच शब्द वापरत आलोय. खांबाकडे झेपावायची हूल द्यायची आणि पाटीतून आत शिरायचं. कबड्डीत चढाईला गेलेला गडी पाय पुढं टाकायची हूल देतो आणि हात दुसरीकडे मारतो. कुंडलच्या मैदानात जाऊन बसा, जुनी माणसं कुस्ती बघताना म्हणतात, “पटाची हूल दिली न् ढाक मारली.” हूल देणं, हुलीला फसणं, हुलकावणी, सगळं घर तयार आहे.

आणि या शब्दात एक न्याय आहे. हूल उघड्या अंगानं देतात. समोरच्याला डोळे आहेत, त्यानं बघावं. फसला तर तो दोष त्याचा. म्हणून हूल देणाऱ्याला कोणी लबाड म्हणत नाही, उलट मैदान टाळ्या देतं.

आता फुटबॉल घ्या. १९८२ च्या डिसेंबरात आयाक्सकडून खेळताना योहान क्रायफनं हेल्मंडविरुद्ध पेनल्टी घेतली. सगळे समजले मारणार. त्यानं चेंडू हलकेच डावीकडे सरकवला, मागून येस्पर ओल्सन धावत आला, कीपर त्याच्या अंगावर गेला, ओल्सननं चेंडू परत क्रायफला दिला आणि समोर गोल रिकामा. नियम एवढंच सांगतो की पेनल्टी पुढच्या दिशेनं मारायची आणि दुसऱ्या कुणाचा स्पर्श होईपर्यंत मारणाऱ्यानं पुन्हा चेंडूला पाय लावायचा नाही. दोन्ही पाळलं. बेल्जियमच्या रिक कोपेन्सनं १९५७ मध्ये आइसलंडविरुद्ध हेच केलं होतं, मेस्सी आणि सुआरेझनं २०१६ मध्ये सेल्टा व्हिगोविरुद्ध तसंच काहीसं केलं. ही हूलच. हिला युक्ती म्हटलं की ती पाठ्यपुस्तकातली वाटते.

वाईकर:
हूल हा शब्द गोड आहे, पण अपुरा आहे. हूल एकट्याची आणि क्षणाची. १९९८ च्या विश्वचषकात इंग्लंडविरुद्ध अर्जेंटिनानं फ्री किकवर केलेला गोल आठवा. सगळे थेट फटक्याची वाट बघत होते, वेरोननं चेंडू बचावपटूंच्या भिंतीच्या कडेनं आत सरकवला आणि भिंतीआड दडलेला झानेटी निसटून पुढं आला. हा सरावात घोटलेला बेत आहे. २०२२ च्या विश्वचषकाच्या उपांत्यपूर्व सामन्यात त्याच अर्जेंटिनाला नेदरलँड्सनं शेवटच्या क्षणी असंच गाठलं. फटका मारायचा आव आणून चेंडू जमिनीलगत वेगहोर्स्टकडे. याला हूल म्हणणं म्हणजे आखलेल्या मोहिमेला झटापट म्हणणं.

आमच्या जिल्ह्यात प्रतापगड आहे. १६५९ साली तिथं जे झालं त्याला आपण कावा म्हणतो. अस्सल आपला शब्द, गनिमी कावा. फ्री किकच्या ट्रिकला कावा म्हणा, फ्री किकला मुक्तफटका, सेट पीसला, म्हणजे थांबलेल्या चेंडूवरून सुरू होणाऱ्या खेळाला, स्थिरचेंडू. विश्वकोश ज्या गावातून निघतो तिथल्या माणसाला ‘ट्रिक’ आणि ‘सेट पीस’ वाचवत नाही. मराठी परिभाषा घडवायची तर लाज कशाला?

माणदेशी:
वाईकर काका, अस्सल आपला म्हणता त्या शब्दाचं मूळ एकदा बघा. गनीम अरबीतून फारसीमार्गे आलेला, अर्थ शत्रू, लुटारू. मोगल दरबार मराठ्यांना गनीम म्हणायचा. म्हणजे तो शिक्का आपल्यावर शत्रूनं मारला आणि आपण अभिमानानं मिरवला. कावासुद्धा फारसीतला, घोडा गोल गोल फिरवणं. घोड्याला कावा देतात. त्यातूनच वळसा घालून येणं, फसवणं हा अर्थ आला असणार. तेव्हा स्थिरचेंडू घडवायचा हट्ट धरणाऱ्यांनी कावा हा शब्दही सोडावा लागेल. मला दोन्ही चालतात. जो शब्द मातीत मुरला तो मराठी.

वाईकर:
मुरायला तीनशे वर्षं लागली. ‘सेट पीस’ला तेवढी द्या, मग बोलू. तोवर टिपणात काय लिहायचं हा प्रश्न आहे आणि टिपण लेखी असतं. बोलण्यात काहीही चालतं, लिहिण्यात निवड करावी लागते. आणि ‘खेळाडूवृत्ती’ सोडून हिंदीच्या वासानं ‘खिलाडूवृत्ती’ कुणी लिहिली तर मी तिथंही बोलणार.

कृष्णाकाठ:
काका, मुक्तफटका वाचून पोरगं फटाका समजेल. कॉर्नरला कॉर्नरच म्हणतात, खेडोपाडी म्हणतात.

पेठेतला:
सांगली-साताऱ्याची चर्चा चालू आहे, कोल्हापूरचा माणूस मध्ये बोलतो, राग मानू नका. फुटबॉल आमच्याकडं पेठापेठांत आहे. आमच्याकडं शब्द आहे डाव. “काय डाव टाकला राव!” चांगल्यालाही डाव, वाईटालाही डाव. डावाला पाप-पुण्य नसतं, म्हणून तो बरा. त्याचं कारण सांगतो. १९७० मध्ये कॉव्हेंट्रीच्या विली कारनं फ्री किकला चेंडू दोन टाचांत धरून मागं हवेत उडवला आणि अर्नी हंटनं तो जमिनीवर पडू न देता एव्हर्टनच्या गोलात मारला. लोक वेडे झाले. पुढं ती पद्धत नियमबाह्य ठरली. म्हणजे आज जी हूल ती उद्या लबाडी. मास्तर, शब्दातच निकाल भरून ठेवला तर नियम बदलल्यावर टिपण फाडणार का?

आणि आता हे सांगा. ३ मार्च २०२३, बेंगळुरू, आयएसएल म्हणजे इंडियन सुपर लीगची बाद फेरी. केरळा ब्लास्टर्सचा कीपर भिंत लावतोय, सुनील छेत्रीनं फ्री किक झटकन घेऊन गोल केला. ब्लास्टर्सचा संघ मैदान सोडून गेला, सामना बेंगळुरूला मिळाला, नंतर ब्लास्टर्सला चार कोटींचा दंड झाला. छेत्रीनं हूल दिली, डाव टाकला, पळवाट काढली का लबाडी केली? तुमच्या एकेका शब्दाची परीक्षा यावर घ्या.

सांगलीचा खोखोवाला:
त्यातलं काहीच नाही. त्यानं संधी साधली. झटपट फ्री किक घेण्याचा हक्क आक्रमकाचा आहे. रेफ्रीनं शिट्टीची वाट बघायला लावली असेल तरच थांबायचं.

तासगावकर:
रेफ्री भिंतीपाशी उभा होता ना? मग कीपरनं काय समजायचं? समोरचा बेसावध असताना मारला. आमच्याकडं बेसावध माणसावर हात टाकत नाहीत.

सांगलीचा खोखोवाला:
खो-खोत धावणारा बेसावध असेल तर त्याला बाद करायचं नाही का? सावध राहणं हाच अर्धा खेळ.

मिरजकर मास्तर:
छेत्रीवर दहा जण बोलतील, माझं टिपण शुक्रवारी छापायला जातंय. पळवाट मला पटली, बाराव्या नियमापुरती घेतो. फ्री किकसाठी हूल का डाव हे अजून मोकळं आहे. दुसरं उदाहरण देतो, इथं शब्द खरंच लागतो. जानेवारी २००९, मँचेस्टर युनायटेड आणि चेल्सी. रूनी कॉर्नरला गेला, चेंडूला नुसता पाय लावला आणि जणू दुसरा कुणी येऊन घेणार असा निघून गेला. गिग्ज आला आणि चेंडू घेऊन चालू लागला, क्रॉस दिला, रोनाल्डोनं डोक्यानं गोल केला. लाइन्समननं निशाण वर केलं, गोल रद्द झाला. कॉर्नर रूनीच्या स्पर्शानंच घेतला गेला होता, हे त्याच्या लक्षातच आलं नव्हतं. चेंडू मारला गेला आणि स्पष्ट हलला की तो खेळात, आजचा सतरावा नियम एवढंच म्हणतो. निघून जाताना रूनी गप्प राहिला तर हूल. पण त्याच वेळी समोरच्याला ऐकू जाईल असं “मी नाही घेत, तू घे” ओरडून त्याला गाफील केलं, तर बोलून विचलित करणं, आणि त्याला पिवळं कार्ड. अंगानं फसवलं तर चालतं, तोंडानं फसवलं तर नाही. ही रेघ मराठी शब्दात दिसली पाहिजे.

माणदेशी:
मग अंगाची ती हूल आणि तोंडाची ती थाप. थाप मारली, कार्ड. आमच्या गावच्या मैदानावर पोरं मागून “सोड, माझा!” ओरडून समोरच्याच्या पायातला चेंडू काढून घ्यायची. ती थापच. चकवा मात्र वापरू नका. हल्ली बातम्यांत सर्रास ‘बचावपटूला चकवा दिला’ लिहितात. आमच्याकडं चकवा लागतो, कुणी देत नाही. रात्री माळावरून येताना वाट सापडत नाही, माणूस बोरीच्या त्याच झुडपाशी तीनदा येतो, तो चकवा.

साताऱ्याची कीपर:
गेम्समनशिपकडं कुणीच वळलं नाही, आणि ती कीपरला रोज सोसावी लागते आणि करावीही लागते. हा शब्द इंग्रजीत १९४७ च्या सुमारास रूढ झाला, उघड फसवणूक न करता जिंकायची कला अशा अर्थानं. त्याला बेरकीपणा म्हणू नका. बेरकी माणूस असतो, ते कृत्य नव्हे. पेनल्टीच्या वेळी आम्ही जे करतो त्याला मी बिथरवणं म्हणेन. १९८४ च्या युरोपियन कपच्या फायनलला रोममध्ये लिव्हरपूलच्या ग्रोबेलारनं पेनल्टीआधी गुडघे लटपटवून दाखवले, रोमाच्या ग्राझियानीनं चेंडू आडव्या खांबावरून मारला. डिसेंबर २०२२ च्या विश्वचषक फायनलला अर्जेंटिनाचा कीपर एमिलियानो मार्टिनेझनं शूटआउटमध्ये चेंडूच लांब फेकून दिला, फ्रान्सच्या च्वामेनीला तो चालत जाऊन आणावा लागला, आणि त्यानं बाहेर मारला. २०२३ पासून नियमात आलं: कीपरनं किक लांबवायची नाही, खांब, आडवा दांडा, जाळी हलवायची नाही, मारणाऱ्याचं लक्ष अन्याय्य रीतीनं विचलित करायचं नाही.

शिक्षा आली ती कृत्याला आली, वृत्तीला नाही. म्हणून मास्तर, टिपणात एकच भारदस्त शब्द शोधू नका. बिथरवणं, डिवचणं, वेळकाढूपणा, सोंग, चारही क्रियांना चार शब्द आहेत. वेळकाढूपणा तर छापील मराठीत केव्हाच रुळला, आणि २०२५ पासून कीपरनं चेंडू आठ सेकंदांहून जास्त हातात ठेवला तर समोरच्या संघाला थेट कॉर्नर मिळतो. मी सरावात मनात आठ मोजते, सातलाच टाकून देते.

पेठेतला:
सोंग एक नंबर. पेनल्टी एरियात पडून लोळणाऱ्याला स्टेडियममधून आम्ही हेच ओरडतो, “सोंग करू नगंस, ऊठ!”

वाईकर:
सोंगाला माझीही हरकत नाही. १८४३ मध्ये सांगलीला विष्णुदास भाव्यांनी नाटक उभं केलं, त्या जिल्ह्याला डाइव्ह हा शब्द उसना घ्यावा लागू नये.

तासगावकर:
लहानपणी या सगळ्याला एकच शब्द होता, रडी. रडीचा डाव खडी! एवढं ओरडलं की डाव तिथंच मोडायचा.

कृष्णाकाठ:
रडी म्हणजे हरल्यावर कुरकुर करणं, फसवणं नव्हे. फसवणाऱ्याला आमच्या घरी ‘अंचई करू नको’ म्हणायचे.

माणदेशी:
आमच्याकडं चिडी. ‘चिडीचा डाव रडी’ अशी म्हणायची पद्धत होती, म्हणजे चिडी आणि रडी वेगळ्या. आधी एक जण चिडी खेळायचा, मग दुसरा रडायचा.

सांगलीचा खोखोवाला:
‘रडीचा डाव खडी’ मधली खडी कुठली मग? रस्त्यावरची का? रडी खेळणाऱ्याच्या वाट्याला दगड, असं माझी आजी सांगायची.

वाईकर:
खडी उभी या अर्थीही येते, हिंदी खडी. डाव खडी म्हणजे डाव उभाच, मोजायचा नाही, पुन्हा मांडायचा.

तासगावकर:
पुन्हा मांडायचा नव्हता. आमच्या गल्लीत खडी म्हटलं की त्याच्यावर राज्य यायचं.

कृष्णाकाठ:
यमकासाठी जोडलेला शब्द असेल, दादा. पोरांच्या ओरडण्यात अर्धे शब्द यमकाचेच असतात. विटा, जत, फलटणकडची कुणी असतील तर सांगा, तुमच्याकडं खडी म्हटल्यावर नेमकं काय व्हायचं? राज्य यायचं की डाव मोडायचा?