चौथीच्या वर्गात आधी काय शिकवावे : संगणक की ऑनलाइन सावधगिरी?

खडू-डस्टर (धागालेखिका)

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीच्या वर्गाला शिकवते. आमच्याकडे लोकवर्गणीतून आलेले चार संगणक आहेत. त्यांपैकी दोन सुरू होतात, तेही थकलेल्या बिलापायी वीज तोडलेली नसेल तेव्हा. मुलांच्या हातात फोन मात्र केव्हाच पोचला आहे, आणि २०२० साली ‘शाळा बंद, पण शिक्षण सुरू’ म्हणत व्हॉट्सअ‍ॅपवर गृहपाठ पाठवणारे आम्हीच होतो, हे मान्य केले पाहिजे.

गेल्या महिन्यात माझ्या वर्गातल्या एका मुलाला मोबाइलवरच्या खेळात कोणीतरी फुकट ‘हिरे’ देऊ केले. त्या बदल्यात आईच्या फोनवर आलेला ओटीपी त्याने त्या अनोळखी माणसाला सांगितला आणि आईने ऊसतोडीच्या मजुरीतून साठवलेले अकरा हजार रुपये गेले. मुलगा घाबरून गप्प बसला, त्यामुळे १९३० या मदत क्रमांकावर तक्रार गेली ती तिसऱ्या दिवशी. अशा फसवणुकीत पहिले काही तासच महत्त्वाचे असतात, कारण पैसे पुढच्या खात्यांत वळते होण्यापूर्वी कळवले तरच ते गोठवता येण्याची शक्यता असते. हा क्रमांक मला ठाऊक होता, पण वर्गात मी तो कधी सांगितला नव्हता.

म्हणून माझे मत असे झाले आहे की, संगणकाचे शिक्षण हवे तर पाचवी-सहावीपर्यंत थांबू द्यावे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही कोडिंगचे उपक्रम सहावीपासूनच सुचवले आहेत. ऑनलाइन सावधगिरी मात्र तिसरीपासून शिकवावी, आणि त्यासाठी संगणक लागत नाही. मागच्या आठवड्यात मी एका मुलीला चिठ्ठीवर एक वाक्य लिहायला सांगितले आणि ती चिठ्ठी वर्गभर फिरवली. ज्याच्या हाती ती येईल त्याने ते वाक्य वहीत उतरवून चिठ्ठी पुढे द्यायची होती. चिठ्ठी परत आल्यावर मुलीला म्हटले, “आता तुझे वाक्य सगळ्यांकडून परत घे.” तिने चिठ्ठी टराटरा फाडली, मग वर्गातल्या तेवीस वह्यांकडे पाहिले आणि म्हणाली, “बाई, वह्या पण फाडू का?” पाठवलेला फोटो परत का घेता येत नाही, हे त्यानंतर वेगळे सांगावे लागले नाही.

निवृत्त केंद्रप्रमुख

बाई, आपल्या कळकळीविषयी शंका नाही, परंतु प्रस्तावाशी मी असहमत आहे. तिसरी संपेपर्यंत प्रत्येक मुलाला समजून वाचता यावे आणि साधी आकडेमोड यावी, हे निपुण भारत अभियानाचे २०२१ पासूनचे उद्दिष्ट आहे, आणि तेच आपल्याला पेलत नाही. ज्या मुलाला ‘हा क्रमांक कोणालाही सांगू नका’ हा संदेश अडखळत वाचावा लागतो, त्याच्यासाठी वाचनाची तासिका हीच सावधगिरीची पहिली तासिका आहे.

शिवाय रस्ता सुरक्षा, स्वच्छता, पोषण, वृक्षलागवड असा समाजाचा प्रत्येक विषय शेवटी प्राथमिक शिक्षकाच्या टेबलावर येऊन पडतो आणि त्याचे फोटो काढून अहवाल पाठवण्यात मूळ शिकवणे बाजूला राहते. फोन पालकांनी दिला आहे, तेव्हा त्याची जबाबदारीही त्यांनीच घ्यावी.

टेम्सकाठचा सातारकर

माझा आक्षेप दोघांनाही आहे. मी इंग्लंडमध्ये राहतो आणि माझी मुलगी इथल्या सरकारी प्राथमिक शाळेत जाते. इथे सप्टेंबर २०१४ पासून जुना आयसीटी (माहिती व संप्रेषण तंत्रज्ञान) विषय जाऊन ‘कम्प्युटिंग’ आला, आणि तो वयाच्या पाचव्या वर्षापासून शिकवला जातो. मुलगी सहा वर्षांची असताना मधमाशीच्या आकाराच्या एका छोट्या रोबोला पाठीवरची बटणे दाबून चौकटींच्या चटईवर चालवत असे. रोबो भिंतीवर आपटला की “त्याने चूक केली” असे न म्हणता “मी सूचना चुकीची दिली” असे म्हणायला शिकली. याच अभ्यासक्रमात, याच वयोगटासाठी, खाजगी माहिती जपणे आणि काही खटकले तर मदत कुठे मागायची हेही आहे.

ताई, आपण हे दोन विषय वेगळे करता, तिथेच घोटाळा होतो असे मला वाटते. यंत्राच्या आत काय चालते हे न सांगता नुसती सावधगिरी शिकवली, तर उरते ती ‘हे करू नका, ते दाबू नका’ अशी निषेधांची यादी, आणि नवा सापळा आला की ती यादी निकामी ठरते. ओटीपी कोणालाही सांगायचा नाही, हे त्या मुलाने पाठ केले असते तरी उद्या क्यूआर कोड स्कॅन करायला सांगणारा भेटला असता. ओटीपी ही एकदाच चालणारी किल्ली आहे, एवढे कळले तर मूल पुढचा विचार स्वतः करते.

खडू-डस्टर

सर, ‘पालकांनी पाहावे’ हे वाक्य मी त्या आईसमोर उच्चारू शकले नाही. तिला मेसेज वाचता येत नाही. घरात वाचणारा तो मुलगाच आहे. आणि ग्रामीण मुलांच्या शिक्षणाविषयीच्या ‘असर २०२४’ च्या पाहणीत, फोन वापरता येणाऱ्या १४ ते १६ वर्षांच्या ग्रामीण मुलांपैकी आदल्या आठवड्यात अभ्यासासाठी फोन वापरल्याचे सुमारे ५७ टक्क्यांनी, तर समाजमाध्यमांसाठी वापरल्याचे सुमारे ७६ टक्क्यांनी सांगितले. त्या वयाला पोचेपर्यंत सवयी पडून गेलेल्या असतात.

सातारकर, किल्लीचा दाखला उत्तम आहे, तो मी उचलते. मात्र आपल्या रोबोची चटई मी फरशीवर खडूने आखीन आणि रोबो म्हणून एका मुलालाच उभे करीन.

दुसरीच्या मुलाची आई

चिठ्ठीच्या खेळाविषयी एक गोष्ट लिहावीशी वाटते. आमच्या मुलाच्या शाळेत अशाच एका तासानंतर तो रात्रभर रडत होता, कारण मामाच्या लग्नातला त्याचा फोटो आजीने सगळ्या नातेवाइकांना पाठवला होता आणि आता काहीतरी वाईट होणार, असे त्याच्या मनाने घेतले होते. फोटो परत येत नाही, इथवर तास थांबला होता. मग काय करायचे, कोणाला सांगायचे आणि सांगितल्यावर मार बसणार नाही, हे राहूनच गेले. १०९८ हा बालकांचा मदत क्रमांक त्याला मीच नंतर पाठ करून घेतला.

आणखी एक. सोळा-सतरा वर्षांच्या मुलांचीसुद्धा माहिती पालकांच्या पडताळलेल्या संमतीशिवाय वापरू नये, असे २०२३ चा डिजिटल वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षण कायदा म्हणतो, आणि शाळा मात्र सात वर्षांच्या मुलांचे फोटो नावानिशी फेसबुकवर टाकते. हा तास आधी शिक्षकांचा घ्यावा.

खडू-डस्टर

आपला मुद्दा झोंबला, कारण तो खरा आहे. आमच्या शाळेची माहिती भरण्याच्या पोर्टलचा पासवर्ड कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेला आहे आणि कपाटातून खडू आणायला मी मुलांनाच पाठवते. चिठ्ठीच्या तासाला दुसरा अर्धा भाग जोडते: घरात आणि शाळेत न रागावता ऐकून घेणारी दोन माणसे प्रत्येकाने वहीत लिहायची. ओटीपी सांगून बसलेल्या त्या मुलाने काल शेजारच्या काकूचे नाव लिहिले, आईचे लिहिले नाही. पुढच्या पालकसभेत याविषयी बोलणार आहे.

निवृत्त केंद्रप्रमुख

पासवर्ड आजच काढावा. बाकी माझे मत तेच आहे: हे सर्व मराठीच्या तासिकेत, वाचनपाठ म्हणून बसवता येत असेल तर माझी हरकत नाही, स्वतंत्र तासिकेला आहे. ओटीपीचा मेसेज फळ्यावर लिहून मुलांकडून मोठ्याने वाचून घ्या आणि किती जण न अडखळता वाचतात, तो आकडा इथे कळवा.